गुणसागर, आवृत्ती दुसरी

६ ऑक्टोबर २००७, शनिवार

समितीवर घेतलं मला! संगणक बंद कसा करायचा ते अजून चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवते — म्हणजे अगदी योग्य माणूस. प्राचार्य म्हणाले, "बाई, तुमची भाषा हवी. सॉफ्टवेअरला मराठीत बोलायचंय." बोलू दे की. सत्तावीस वर्षं मराठी शिकवतेय, मराठीत बोलायची हौस असलेलं पहिल्यांदाच कोणीतरी भेटतंय.

प्रकरण असं. आमच्या मंडळाचा 'पर्यटन सेवा' हा ऑनलाइन अभ्यासक्रम गेल्या वर्षी सुरू झाला. पोरांनी घरी — म्हणजे सायबर कॅफेत — शिकायचं, स्वाध्याय संगणकावरून पाठवायचे, आणि 'गुणसागर' नावाचं सॉफ्टवेअर त्यांना गुण देणार. आता त्याची दुसरी आवृत्ती काढायची. नव्या सोयी घालायच्या. कोणाची सोय, ते विचारायचं नाही.

बनवणारा सर्वेश. अध्यक्षांच्या बहिणीचा मुलगा, पुण्यात नोकरी करून परत आलेला. प्रत्येक वाक्य 'ॲक्च्युअली'ने सुरू करतो, जणू आधीचं वाक्य खोटं होतं. आणि अध्यक्ष म्हणजे अण्णा. गुरुदास अण्णा — काजूचा कारखाना, कोळवड्याच्या देवळातले मानकरी, मंडळाचे तहहयात. सदऱ्याची इस्त्री अशी की बाहीवर कागद कापावा. बैठकीत ते सगळ्यात शेवटी बोलतात. त्यामुळे आधीचे बोलले नसते तरी चाललं असतं.

आजचा एकमेव ठराव: चहाबरोबर यापुढे बटाटेवडा.

१३ ऑक्टोबर

दुसरी बैठक. वडे आले, प्रोजेक्टर आला, वीज गेली. वीज आली तेव्हा वडे संपले होते.

नवी सोय पहिली — मुदत संपली की आपोआप शून्य. कोणी मास्तर नाही, कोणी रडारड नाही. सर्वेश म्हणाला, "ॲक्च्युअली मॅडम, यातून माणूस काढून टाकायचाय."

"माणूस काढल्यावर काय उरतं?"

"शिस्त," अण्णा म्हणाले. बाकीच्यांनी मान डोलावली. मीसुद्धा! मानेला सवय असते.

सोय दुसरी — निकाल लागला की त्याच क्षणी तो पुण्याच्या संस्थेकडे आपोआप रवाना. प्रमाणपत्र तीच संस्था छापते. मध्ये कोणाला हात घालता येणार नाही. आणि एकदा गेला की परत बोलावता येणार नाही. प्राचार्यांनी विचारलं, चूक झाली तर? सर्वेश हसला. ती सोय तिसऱ्या आवृत्तीत.

सोय तिसरी — कॉपी पकडणारं यंत्र. प्रात्यक्षिक म्हणून त्याने सिंधुदुर्ग किल्ल्यावरचं एक उत्तर आत टाकलं. यंत्राने सांगितलं, चौऱ्याण्णव टक्के नक्कल. कोणाची? तर अभ्यासक्रमाच्या नोट्सची. मग सर्वेशने उत्साहाच्या भरात नोट्सच टाकून बघितल्या. त्या सत्त्याण्णव टक्के नक्कल — पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकाची. नोट्स प्राचार्यांच्या! प्राचार्य म्हणाले, "हे जरा सेन्सिटिव्ह वाटतंय." यंत्र पुढे ढकललं.

अण्णांनी शेवटी खिशातलं कॅलेंडर काढून शेवटच्या स्वाध्यायाची मुदत ठरवली. सोळा डिसेंबर, रविवार. का? दिवस बरा आहे. ठराव मंजूर.

१४ ऑक्टोबर

रात्री यंत्राला मनातल्या मनात माझी व्याख्यानं घालून बघितली. पुढे लिहीत नाही.

२१ ऑक्टोबर

माझ्यावर काम पडलं ते 'सबबी' नावाच्या खिडकीचं. म्हणजे विद्यार्थ्याला उशीर होणार असेल तर त्याने आधी सबब निवडायची. लिहायची नाही — निवडायची. तयार यादीतून. आणि यादी शुद्ध मराठीत मी करायची.

केली. आजारपण (स्वतःचं). आजारपण (घरातलं). निधन. प्रसूती. पूर. वीज. अण्णांनी 'वीज' काढली — "वीज ही सबब धरली तर कोकणात सगळेच पास." मग निधनावर तासभर चर्चा. आजी गेली तर किती दिवस? प्राचार्य म्हणाले दोन. अण्णा म्हणाले, आजी एकत्र कुटुंबातली की वेगळी राहणारी? सर्वेश टाइप करत होता — खरंच टाइप करत होता! — 'आजी, उपप्रकार'.

मी म्हटलं, जत्रा घालूया का? दशावतार बघून पहाटे आलेलं पोर दुपारी काय स्वाध्याय लिहिणार? अण्णांनी हात वर केला. "देवाधर्माची कामं यादीत घालायची नाहीत. आपल्याकडे रोज कुठेतरी काहीतरी असतंच. मग मुदतीला अर्थ काय?"

बोलणारा माणूस स्वतः देवळातला मानकरी! असो. देव एका खिशात, मुदत दुसऱ्या खिशात, आणि सदऱ्याला दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री.

गुणांसाठी तारे नकोत, नारळ हवेत हेही त्यांचंच. उत्तम म्हणजे पाच नारळ. नापास म्हणजे — सर्वेशने चित्रसुद्धा काढलंय — करवंटी.

२८ ऑक्टोबर

तुळसा आली टोपली घेऊन. ही माझी मासेवाली, कोळवड्याची. ओट्यावर टोपली ठेवल्याशिवाय बोलत नाही आणि बोलल्याशिवाय टोपली उघडत नाही.

"बाईनू, चेडू माझा तुमच्या त्या कॉम्प्युटरात शिकता. तेका काय ता नीट दाखवा."

चेडू म्हणजे तिची मुलगी वर्षाली. मला माहीत आहे, वर्गात आली असती तर पहिल्या बाकावर बसली असती. ऑनलाइन असल्यामुळे सायबर कॅफेतल्या कोपऱ्यात बसते. तारकर्लीच्या एका लॉजवर स्वागताच्या टेबलाची नोकरी तिच्यासाठी धरून ठेवली आहे.

"लॉजवाल्यान सांगल्यान — नाताळाआधी सर्टिफिकेट घेवन ये. नायतर गोव्यातली चेडवा तयार आसत." टोपली उघडली. "माझो जलम टोपलेत गेलो बाईनू. तेचो जावचो नाय. बांगडे घेतास? आजचेच आसत."

बांगडे कालचे होते. बाकी सगळं खरं.

४ नोव्हेंबर

गुणसागराचं दर्शन घेऊन आलो! समितीची सहल. मला वाटायचं सॉफ्टवेअर कुठेतरी आकाशात असतं. ते कोळवड्याला अण्णांच्या काजूच्या गोदामात असतं. कॉलेजात विजेचा भरवसा नाही, गोदामात इन्व्हर्टर आहे, म्हणून मशीन तिथे. बाजूला काजूच्या गोणी, मशीनवर हळदकुंकू, पडद्याला झेंडूची माळ. हिरवा दिवा लुकलुकतोय. प्राचार्यांनी नकळत चपला काढल्या. त्यांचं बघून मीही काढल्या.

सर्वेश म्हणाला, याला माणूस लागतच नाही. वीज गेली आणि आली तर आपलं आपण उठतं.

किल्ली एकच. अण्णांच्या कमरेला. "काजू आहेत," ते म्हणाले. मशीनही आहे हे नंतर आठवलं त्यांना.

१० नोव्हेंबर

दिवाळी. शेजारून चकल्या. काही लिहिण्यासारखं नाही, सगळे गोड बोलले.

१८ नोव्हेंबर

कोळवड्याच्या देवाने कौल दिला — यंदा गावपळण. चौदा डिसेंबरपासून तीन दिवस, तीन रात्री.

बाहेरच्यांना हे सांगायला गेलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात. आचऱ्याला आहे तशीच कोळवड्यालाही ही रीत: काही वर्षांनी एकदा अख्खं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री. चुली विझवायच्या, दिवे विझवायचे, दारं ओढून घ्यायची. खाडीपलीकडे झोपड्या बांधून राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचं. आत कोणी पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी कौल मिळाला की परत. कोणी मध्येच आत गेलं, तर सगळी पळण फुकट — पुन्हा करायची, आणि ज्याने मोडली त्याच्या दारात गाव उभं राहत नाही.

अण्णा आज बैठकीला नव्हते, कौलाला होते. आम्ही वडे खाल्ले आणि करवंटीचा रंग ठरवला.

१३ डिसेंबर

तुळसा मासे न घेता आली, निरोप घ्यायला. झोपडी बांधून झाली, उद्या सकाळी निघणार. खूश होती. तीन दिवस सगळ्या वाड्या एकत्र, भजनं, गप्पा, पत्ते. "मालवणात ऱ्हवान तुमका काय कळतला!" म्हणाली. वर्षालीचा शेवटचा स्वाध्याय तयार आहे, शनिवारी इकडे येऊन सायबरातून पाठवणार.

१४ डिसेंबर, शुक्रवार

वाट लागली! शुद्ध मराठीत दुसरा शब्द नाही.

दुपारी सर्वेश कॉलेजात धावत आला. गुणसागर बंद. कुठूनच लागत नाही. चौसष्ट पोरं, एकानेही अजून काही पाठवलेलं नाही, परवा मुदत, आणि मशीन मेलेलं. वीज? वीज आहे. इन्व्हर्टर? आहे. मग?

मग अण्णांना मोबाइल लावला, खाडीपलीकडच्या झोपडीत. स्पीकरवर. तेव्हा कळलं. आज सकाळी गाव सोडताना अण्णांनी मानकरी म्हणून सगळ्यात शेवटी घर बंद केलं. चूल विझवली, समई विझवली, आणि आयुष्यभराच्या सवयीने गोदामाचा मेन स्विच खाली ओढला. गावात दिवा राहता कामा नये! गुणसागराचा हिरवा दिवासुद्धा गेला. इन्व्हर्टरही त्याच स्विचवर.

मुदत ठरवली अण्णांनी. कौलाला बसले अण्णा. स्विच ओढला अण्णांनी. तिन्ही ठिकाणी तेच, आणि तिन्ही अण्णांची एकमेकांशी ओळख नाही!

आणि मी? मला मुदत ठाऊक होती, पळणीची तारीख ठाऊक होती, मशीन कुठल्या गावात तेही ठाऊक होतं. मी करवंटीचा रंग ठरवत होते.

सर्वेश ओरडत होता, "मामा, फक्त एक स्विच! दोन मिनिटं!"

अण्णा ऑफिसात प्रमाण मराठी बोलतात. पण झोपडीत ऑफिस नव्हतं. "सर्वेशा, गावात आता देव आसा. मालक घरात इल्यार भाडेकरवान आत शिरूचा नसता. कळला?"

"मामा, पोरांना शून्य मिळेल. आपोआप!"

मागे कोंबडा आरवला. मग फोन बंद.

१५ डिसेंबर, शनिवार

वर्षाली आली. सत्यवानच्या सायबर कॅफेत तिच्याबरोबर बसले सकाळपासून. सत्यवान पूर्वी एसटीडी बूथ चालवायचा, अजून दर दहा मिनिटांनी "झालं का बोलून?" विचारतो.

पाठव दाबायचं. पडद्यावर मी लिहिलेलं वाक्य यायचं — 'क्षमस्व, सेवा तूर्त उपलब्ध नाही.' किती अभिमान होता मला त्या 'तूर्त'चा! सात-आठ वेळा वाचल्यावर पडद्याला थोबाडीत मारावीशी वाटली. बाकीची पोरंही येऊन, दाबून, शिव्या घालून जेवायला गेली.

मी म्हटलं, चल, जेवूया. ती उठेना.

"थोडा वेळ थांबूया बाई."

"अगं, मशीनच बंद आहे. दगडाला पत्र लिहिल्यासारखं आहे हे."

"थोडाच वेळ." आणि पुन्हा दाबलं. पुन्हा. मला तिची दया आली आणि रागही आला. आशा माणसाला किती बावळट करते असं काहीतरी सुचलंसुद्धा, साप्ताहिकातल्या माझ्या लेखात घालायला.

आणि टळटळीत दुपारी, सत्यवान डबा उघडत असताना — गेलं! 'आपला स्वाध्याय प्राप्त झाला. धन्यवाद.' मी किंचाळले. सत्यवानच्या हातातली चपाती पडली. वर्षालीने डोळे मिटले, हात जोडले, आणि चप्पल घालून निघाली. वेड्यासारखी पळत एसटी स्टँडकडे!

मी बाकीच्यांना बोलवायला गेले. दोघं-तिघं आली तोवर परत 'तूर्त'.

१७ डिसेंबर

कौल मिळाला. गाव घरी आलं. अण्णांनी स्विच वर केला. गुणसागर आपलं आपण उठलं, घड्याळ बघितलं, मुदत उलटलेली बघितली, आणि त्रेसष्ट पोरांना एका दमात शून्य देऊन निकाल पुण्याला रवाना केला. माणूस काढून टाकला होता ना! त्रेसष्ट करवंट्या.

एकटी वर्षाली पास. चार नारळ.

पुण्याची संस्था म्हणते, बाकीच्यांनी फेब्रुवारीत पुन्हा पाठवावे. बाकीच्यांना चालतं. त्यांच्यासाठी कोणी खुर्ची धरून ठेवलेली नाही.

१९ डिसेंबर

आनंद दोन दिवस टिकला. निकालाचा कागद बोर्डावर लागला आणि कोळवड्याने तो बरोबर वाचला.

वीज बंद. गोदामाला कुलूप. गाव रिकामं. मग तुळसाच्या पोरीचा पेपर आत गेला कसा? आणि कागदावर तारीख छापलेली — पंधरा. पळणीचा दुसरा दिवस. कोणीतरी आत शिरलं होतं! आणि फायदा झाला एकीचाच.

तुळसाच्या टोपलीतले मासे आज कोळवड्यात कोणी घेतले नाहीत. तिने सांगितलं नाही, टोपलीने सांगितलं.

मी बसून विचार केला. वर्षाली माझ्या शेजारी होती, तिने स्विच चढवला नाही. तुळसाकडे किल्ली नाही. किल्ली एकाच कमरेला असते. म्हणजे तहहयात मानकरी स्वतःच गेले होते! कशाला? कशाला म्हणजे — काजू! तीन दिवस काजू सोडून राहवलं नसणार. गोणी मोजायला दिवा लागतो. स्विच वर, गोणी मोजल्या, स्विच खाली. तेवढ्यात त्या पोरीचा पेपर फटीतून आत शिरला.

काय माणूस आहे! भाच्याला भाडेकरवाच्या गोष्टी सांगायच्या, आणि मालकाची पाठ वळली की मागच्या दाराने आत!

२० डिसेंबर

कोळवड्याची गावकर मंडळी कॉलेजात आली. गंगाराम गावकर पुढे, मागे सात-आठ जण. तुळसा आणि वर्षाली भिंतीला टेकून. अण्णा अध्यक्षांच्या खुर्चीत.

गंगाराम म्हणाला, "अण्णानू, तुमी सांगा. मशीन तुमचा, मान तुमचो. पंधरा तारखेक आत कोण गेल्लो?"

तीन महिने ऐकतेय — कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. अण्णा आज काय म्हणाले? "मशीनचं घड्याळ चुकलेलं आहे. दोन दिवस पुढे आहे. पेपर तेराला आला होता, पळणीच्या आधी. सर्वेश, सांग त्यांना."

सर्वेशने तोंड उघडलं. 'ॲक्च्युअली'सुद्धा बाहेर आलं नाही. त्याने मान हलवली. कसाही अर्थ लावावा अशी.

गंगारामाचं समाधान झालं नाही. तो माझ्याकडे वळला. "बाईनू, तुमी चेडवावांगडा होतास म्हणतत. तुमी बाहेरच्या, तुमका कोणाचा पडलेला नाय. पेपर खंयच्या दिसाक गेलो?"

भिंतीला टेकलेली वर्षाली जमिनीकडे बघत होती. खरं सांगितलं असतं तर पळण मोडली. कोणी मोडली याचा निकाल गाव लावेल तेव्हा लावेल, तोवर चिखल त्या दोघींवर. आणि नाताळापूर्वीची ती खुर्ची गोव्याला.

"गुरुवारी," मी म्हटलं. "तेरा तारखेला. मी शेजारीच होते."

माझा आवाज इतका स्वच्छ आला की मलाच पटलं! त्या दोघा-तिघा पोरांना आणि सत्यवानला रात्री समजावलं; सत्यवान म्हणाला, "माका तारखा कळणत नाय बाई, मी फकस्त मिनिटां मोजतंय."

गंगाराम उठला. "बाई सांगतत म्हणजे झाला." लोक गेले. अण्णा माझ्याकडे बघत होते. आभाराचं काही नाही, नुसतं बघणं. मी चष्मा पुसला.

पोरीसाठी खोटं बोलले याचं वाईट वाटत नाही. पण त्याच खोट्याखाली तो काजूवाला सुखरूप बसलाय, आणि छप्पर माझं! हे मात्र गिळवत नाही.

२२ डिसेंबर

साप्ताहिकासाठी लेख लिहिला. एका बैठकीत. 'तीन रात्रींचा मालक आणि त्याची किल्ली.' गाव नाही, नाव नाही, पोरगी नाही, पेपर तर नाहीच. नुसता एक मानकरी, जो देवाला घर देतो आणि मग खिडकीतून गोणी मोजतो. तारखा नसल्या तरी कंबर ओळखू येईल. इतकं धारदार बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं. परत परत वाचून हसले.

पण देणार आत्ता नाही. वर्षाली एकदा खुर्चीवर बसू दे. मग छापायचं. नाताळानंतरच्या अंकात.

२४ डिसेंबर

वर्षाली रुजू झाली. प्रमाणपत्र शनिवारी पुण्याहून कुरियरने आलं. तारकर्लीहून फोन केला तिने, ऑफिसच्या टेबलावरून — "गुड मॉर्निंग, मी आपली काय मदत करू शकते?" मी म्हटलं, "एक खोली द्या, समुद्राकडची, आणि दर सांगू नका, झोप उडते." हसली. तिला हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

उद्या सुट्टी. लेख परवा संपादकांना देईन.

२६ डिसेंबर

सकाळी तुळसा. टोपली ओट्यावर ठेवली. उघडली नाही.

"बाईनू, तुमी माझ्या चेडवासाठी खोटा बोललास. माका म्हायत आसा. म्हणान तुमका सांगतंय. दुसऱ्या कोणाक सांगू नकात."

मी लेखाचं पाकीट हातात घेऊनच उभी होते, निघायच्या तयारीत.

"शुक्रवारी सांजेक मी अण्णांच्या झोपडेत गेलंय. पायार पडलंय. म्हटलंय, माझ्या चेडवाचा एकदाच काय ता होवंदे. आराडले माझ्यार. 'तुका कळता काय मागतंस ता?' हाकललानी माका. रातभर भजनाक बसाक नाय, जेवाक नाय. सकाळी माका बोलवून घेतल्यानी. 'चेडवाक सांग, दुपारपर्यंत बसान ऱ्हव.' चपले काढल्यानी नि एकटेच खाडी उतरान गेले. परत इले ते न्हावन, ओलेत्यान. वेशीर उभे ऱ्हवान गाऱ्हाणा घातल्यानी — दिवो मी पेटवलंय, गावान नाय. जा काय आसात ता माझ्या माथ्यार घाल."

पदराने तोंड पुसलं तिने.

"पळणीपासून देवाक हात लावणत नाय. मान दुसऱ्याक दिल्यानी. देवळात सगळ्यांच्या मागे उभे ऱ्हवतत. गावाक वाटता, गुडघे दुखतत."

ती गेल्यावर संपादकांना फोन केला. या आठवड्यात लेख नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, का?

म्हटलं, विषय मिळाला नाही.